झाडाशेजारची बादली

नाताळच्या प्रदर्शनासाठी लिहिलेल्या फलकांच्या मसुद्यात ‘निश्चित माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य इतक्या वेळा आले होते, की त्याखाली लाल रेघा मारून मारून संचालकांनी शेवटी पेन खाली ठेवले.

“मॅडम, लोक तिकीट काढून येणार आहेत,” ते म्हणाले, “आणि आपण त्यांना दारातच सांगायचं, की आम्हाला काही माहीत नाही?”

“काही माहीत नाही असं मी लिहिलेलं नाही. जेवढं माहीत नाही तेवढंच माहीत नाही, असं लिहिलंय.”

“तेच ते.”

ते तेच नव्हते. पण हा फरक समजावून सांगण्यात तिचे अर्धेअधिक आयुष्य गेले होते आणि उरलेल्यात तो कुणाला समजेल ही आशा तिने सोडली होती. संग्रहालयात सगळे तिला ‘तळटीप’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण इमारतीच्या भिंती पातळ होत्या. लोकाचार विभागात आता ती एकटीच उरली होती. बाकीचे निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या प्रसिद्धी विभागाने नेल्या, आणि ज्या कपाटांना कुणी वारस उरला नव्हता त्यांच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये खुळखुळत असत.

संचालक वयाने तिच्याहून बरेच लहान होते. इथे येण्यापूर्वी ते फर्निचरच्या एका मोठ्या दुकानसाखळीचे काम पाहत. ‘गोष्ट’ हा शब्द ते अजूनही ‘गादी’ म्हणावे तशा मऊपणाने उच्चारत: ग्राहकाने त्यावर एकदा बसून पाहावे, अशी त्यांची माफक अपेक्षा असे.

“झाड घ्या,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणता, सजवलेल्या झाडाचा लेखी पुरावा चार-पाचशे वर्षांपलीकडे जात नाही. मी लिहिलंय, पाच हजार वर्षांपासून माणूस हिवाळ्यात झाड घरात आणतो आहे.”

“पाच हजार कुठून आले?”

“गोल आकडा आहे.”

“शून्यही गोलच असतं.”

त्यांनी हे विनोद म्हणून घेतले आणि हसले. पंचवीस तारीख का ठरली याबद्दल अभ्यासकांची दोन मते आहेत आणि दोन्हींच्या पायाखालची जमीन ठिसूळ आहे, असे तिने लिहिले होते; त्यातले अधिक रंगतदार मत त्यांनी ठेवले, ठिसूळपणा काढला. म्हाताऱ्या नाताळबाबाला लाल झगा एका पेयाच्या जाहिरातीने दिला असे लिहा, असा त्यांचा आग्रह होता. त्या जाहिरातीच्या कितीतरी आधीच्या चित्रांत तो लाल झगाच घालून बसला आहे, हे तिने सांगितले, आणि चित्रेही दाखवली. संचालकांनी ती कौतुकाने पाहिली.

“पण जाहिरातीचं सगळ्यांना माहीत आहे,” ते म्हणाले.

“म्हणूनच तर फलक लिहायचा.”

“मॅडम, लोकांना जे माहीत आहे तेच पुन्हा ऐकायला आवडतं. दुकानातही ज्या सोफ्यासारखा सोफा आधीच घरी आहे, तोच खपतो.”

रागावण्यासाठी लागणारी शक्ती तिने अलीकडे राखून वापरायला सुरुवात केली होती. एकामागून एक फलक तिने जाऊ दिले. एकावर मात्र ती अडून बसली: मेणबत्त्यांच्या.

झाडावर विजेचे दिवे येण्यापूर्वी खऱ्या मेणबत्त्या लावल्या जात. चिमट्यासारख्या लहान बैठकींत त्या फांद्यांना अडकवीत. वाळत चाललेल्या, राळेने भरलेल्या झाडावर उघडी ज्योत लावण्यात काय धोका आहे, हे माणसांना तेव्हाही कळत होते. म्हणून झाडाशेजारी पाण्याची बादली आणि काठीला बांधलेला ओला बोळा ठेवलेला असे. या प्रथेचा उगम ठाऊक होता, कारण ठाऊक होते, पुरावा होता. साऱ्या प्रदर्शनात पायाखाली जमीन असलेला असा हा एकच फलक होता, आणि तो तिला हवा होता.

“घ्या,” संचालक म्हणाले. “बादली आहे आपल्याकडे?”

कोठारात चिमटे निघाले, फुटक्या काचेचे गोळे निघाले, पत्र्याचे तारे निघाले. बादली निघाली नाही. संग्रहालयांना बादल्या कुणी देत नाही. सणाचे दिवस संपले की बादली पुन्हा फरशी पुसायला जाते आणि गळेपर्यंत पुसत राहते.

“माझ्या आत्याकडे आहे,” ती म्हणाली. आणि म्हणताक्षणीच आपण उगाच बोललो असे तिला वाटले.

*

आत्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत असे. तिची सारी हयात रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात गेली होती आणि अजूनही ती समोरच्या माणसाचा हात हातात घेतला की आधी त्याची बाही सरळ करी. आईवडिलांमागे भाचीला तिनेच वाढवले होते. भाचीने एवढे शिकून नेमके काय केले, हे तिला कधी नीट उमगले नाही. ‘जुन्या गोष्टींच्या चौकशा करते’ असे ती शेजारणींना सांगे, पोलिसात आहे म्हणावे तशा सुरात.

बादली जस्ताच्या पत्र्याची होती. काठ आत वळवलेला, कडीला मधोमध लाकडी मूठ, एका अंगाला मोठा पोचा. दर नाताळला ती झाडाजवळ ठेवली जाई, मुठीला लाल रिबन बांधली जाई आणि तीत पाणी भरले जाई. घरातली गोष्ट अशी होती, की त्या रात्री देवदूत फार लांबून उडत येतात, त्यांचे घसे कोरडे पडलेले असतात. ज्या घरातली बादली रिकामी दिसते त्या घरावरून ते न उतरता पुढे जातात. लहानपणी तिने ही बादली लोट्यालोट्याने भरली होती. पुढे शिकायला लागल्यावर एका जेवणात तिने जाहीर करून टाकले, की देवदूत-बिवदूत काही नाही, ही आग विझवायची बादली आहे, मेणबत्त्या गेल्या आणि बादली राहून गेली. आत्याने तिच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला आणि म्हणाली, “असेल बाई.”

आताही आत्याने बादली खुशाल ने म्हणून सांगितले. रिबन सोडवून, घडी करून, आपल्या खिशात ठेवली.

“पण एक सांगते. झाडाजवळ ठेवणार असाल तर रिकामी ठेवायची नाही.”

“आत्या, संग्रहालय आहे ते.”

“असू दे की. पाणी काय संग्रहालयाला चावतं? काठोकाठ नको, काठाच्या चार बोटं खाली. शब्द दे.”

“दिला.”

“नीट दे. नाहीतर त्यात ‘बहुधा’ घालशील, ‘काही अपवाद वगळता’ घालशील. ओळखून आहे मी तुला.”

“दिला, आत्या. भरलेली ठेवीन.”

*

दालनात पाणी ठेवता येणार नाही, हे तिला झाड उभे राहिल्यावर कळले. जतन विभागाचे प्रमुख पांढरे हातमोजे घालून हिंडत. चहाही ते न काढताच पीत. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले आणि आतली हवा तिच्यामुळे आधीच दमट झाली असावी अशा चेहऱ्याने मागे सरले.

“उघडं पाणी नाही चालणार. लाकडी वस्तू आहेत, कागद आहे. नियम आहे.”

“बादली आहे ही,” ती म्हणाली. “तिच्यात पाणीच असतं.”

“घरी. इथे ती वस्तू आहे.”

संचालक मात्र खुशीत होते. वस्तूची नोंद करताना तिने बादलीची घरगुती गोष्ट सांगितली होती: कारण विसरले गेले की त्याच्या जागी कथा कशी येऊन बसते, याचे उदाहरण म्हणून. संचालकांनी कथा घेतली होती आणि कारण सोडले होते. नवा फलक छापूनही आला होता. ‘जलपूजा’ असे मोठ्या अक्षरांत. खाली लिहिले होते, की पाच हजार वर्षांपासून हिवाळ्याच्या सर्वांत लांब रात्री मानव वृक्षाच्या चरणी जल अर्पण करत आला आहे, आणि देवदूतांची हृद्य लोककथा त्याच आदिम श्रद्धेचा प्रतिध्वनी आहे.

तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ती व्याकरण तपासते आहे, असे तिच्याच लक्षात आले.

“यातली आग कुठे गेली?”

“आग नकारात्मक वाटते, मॅडम. सणासुदीला लोकांची घरं कशाला जाळायची?”

“ही आग विझवायची बादली आहे. एवढंच खरं आहे हिच्याबद्दल.”

“कुणाला त्रास होतोय का त्याने? आणि पाण्याचं म्हणाल तर तेही सोडवलंय. सजावटकार उद्या सकाळी पारदर्शक राळ ओततो. तासाभरात घट्ट होते. हुबेहूब पाणी! सांडत नाही, सुकत नाही, कायमची भरलेली बादली. तुमच्या आत्यांना तर आनंदच होईल.”

जतन विभागाच्या प्रमुखांनी मान डोलावली. राळेला नियम नव्हता.

तिने भांडण केले नाही. भांडणात वापरायचे सगळे मुद्दे तिला पाठ होते, त्यांचे पुढे काय होते तेही पाठ होते. दिलेल्या शब्दाचे तेवढे काय करायचे, हे कळत नव्हते. आत्याचा हट्ट म्हातारपणाचा आहे, समजावून सांगितले तर सोडेल, असे स्वतःशी म्हणत ती संध्याकाळी तीन जिने चढली.

*

“घट्ट होणारं पाणी?” आत्याने विचारले. ती उशांचे अभ्रे घडी करत होती. “मग आग कशाने विझवायची?”

“आग लागणार नाही तिथे. दिवे विजेचे आहेत. आणि तू तर देवदूतांसाठी भरतेस ना?”

“देवदूतांना काय, ते कुठेही पितील.” आत्याने अभ्रा गुडघ्यावर ठेवून तळहाताने दाबला. “बस जरा. तोंड बघ कसं झालंय, धुतलेल्या सतरंजीसारखं.”

ती बसली.

“तुझ्या आजोबांचे हात आठवतात?”

आठवत होते. आजोबा खिडकीशी बसत. बोटे आकडलेली, कातडी चकचकीत, ताणलेली. थंडीने गेले हात, असे तिला सांगितले होते, आणि घरातल्या गोष्टींना पुरावा मागायचे वय येईपर्यंत आजोबाच राहिले नव्हते.

“घड्याळं दुरुस्त करायचे ते,” आत्या म्हणाली. “हे माहीत नसेल तुला. एवढाले चिमटे, एवढालं भिंग. आमच्या घरात जोरात शिंकायची बंदी होती, चाकं उडतील म्हणून. त्या वर्षी झाडावर मेणबत्त्या होत्या, बादली होती, सगळं होतं. कुणीतरी बादली उचलून नेली, जिना पुसायला नेली असेल. आणि परत आणून ठेवली. अगदी जागच्या जागी. रिकामी.”

खाली कुणीतरी दार आपटले.

“झाड असं खालून वर पेटत गेलं. फर्रकन. बाबा उठले, बादली उचलली आणि ती हलकी लागली. आग मला एवढी आठवत नाही गं. मोठी आग, लहान आग, काही नाही. हलकी बादली उचललेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते आठवतं. मग त्यांनी झाड हातांनीच ओढलं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. टेबलावर लोकांची घड्याळं उघडी पडली होती. ती आईने पुढे एकेक रुमालात बांधून ज्याची त्याला परत नेऊन दिली. तशीच, उघडी.”

“कुणी केली होती रिकामी?”

प्रश्न तोंडातून गेला आणि तिला स्वतःचीच चीड आली. पण चौकशीची सवय तिच्याहून चपळ होती.

“ते कुणी विचारलं नाही. मला वाटायचं, मीच. तुझ्या काकाला वाटायचं, त्याने. तो मरायच्या आधी बोलला एकदा तसं. आईला तर वाटतच असणार. विचारलं असतं तर एकाच्या पदरात पडलं असतं; नाही विचारलं, तर सगळ्यांच्यात वाटलं गेलं.” आत्याने घडी केलेला अभ्रा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. “पुढच्या वर्षी आईने मुठीला रिबन बांधली आणि देवदूत आणले. बाबा समोर बसलेले, त्यांच्यापुढे आगीचं नाव काढायची सोय नव्हती. पण पोरांकडून पाणी तर भरून घ्यायला हवं ना? तेव्हा मेणबत्त्या बंद झालेल्या होत्या घरात. तरी.”

सगळ्या आयुष्यात भाचीने असंख्य प्रथांचे उगम शोधले होते आणि बहुतेकांच्या तळाशी तिला धुके मिळाले होते. ही एकच प्रथा अशी, की जिचा कर्ता ठाऊक, वर्ष ठाऊक, हेतू ठाऊक, साक्षीदार समोर बसून अभ्र्यांच्या घड्या घालतो आहे. आणि हिच्यावर तिने त्या जेवणात, वयाच्या सगळ्या उर्मटपणानिशी, ‘बादली राहून गेली’ असा शेरा मारला होता.

“हे लिहू का मी फलकावर?”

“खबरदार.” आत्या पहिल्यांदाच रागावली. “तिकीट काढून आलेल्या लोकांनी बाबांचे हात बघायचे? काही लिहू नकोस.”

“मग ते जे लिहितायत ते खोटं आहे. सगळं खोटं.”

“लिहू देत. आईनेही खोटंच सांगितलं होतं की. पाणी आहे की नाही, तेवढं बघ.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कर्मचाऱ्यांच्या चहाची मोठी अॅल्युमिनियमची किटली घेऊन दालनात आली. प्रसाधनगृहाच्या नळाखाली किटली धड बसत नव्हती. तिरकी धरावी लागे, त्यामुळे अर्धीच भरे. तिने फेऱ्या घातल्या. पहारेकरी दाराशी उभा राहून पाहत होता.

“बाई, चहा इतका पातळ कुणासाठी?”

“देवदूतांसाठी.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पुढच्या खेपेला दार धरून उभा राहिला.

पाणी काठाच्या चार बोटे खाली आले तेव्हा तिने बोटे लावून पाहिली. सजावटकार राळेचे डबे घेऊन आला, त्याने बादलीत वाकून पाहिले, पाण्यात राळ बसत नाही असे म्हणाला, आणि डबे परत ठेवून तारे टांगायला निघून गेला. त्याला दिवसाची मजुरी होती, तत्त्वे नव्हती. त्याबद्दल तिने मनोमन त्याचे आभार मानले.

उद्घाटन त्याच सकाळी होते. पाहुण्यांचा घोळका दालनात शिरला तेव्हा संचालकांच्या नजरेला पाणी पडले. ते तिच्याजवळ आले आणि हसरा चेहरा तसाच ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, “मॅडम, हे काय आहे?”

“पाणी.”

“नंतर बोलू आपण.”

नंतर बोलणे झाले नाही. कारण तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका वृद्ध बाईने फलक वाचला, हातातली पिशवी खाली ठेवली, दोन बोटे पाण्यात बुडवली आणि शेजारच्या नातीच्या कपाळाला लावली. का, हे तिलाही सांगता आले नसते. फलकावर तसे काही लिहिलेले नव्हते. पण तिच्या मागच्या माणसाने ते पाहिले, आणि आपणही तेच करायचे असते असे समजून त्याने बोटे बुडवली. त्याच्या मागच्याने पापण्यांना लावली. मग रांग झाली. छायाचित्रे निघाली.

“बघा,” संचालक तिच्या कानाशी आले. आवाज खराखुरा भारावलेला होता. “पाच हजार वर्षं रक्तात असतं हे, मॅडम. शिकवावं लागत नाही.”

जी प्रथा तिच्या डोळ्यांदेखत, नाश्त्यानंतर आणि जेवणापूर्वी, जन्माला आली होती, तिच्याकडे ती पाहत राहिली. लोकाचाराच्या अभ्यासकाला असे भाग्य सहसा लाभत नाही. तिला फक्त खुर्ची हवी होती.

त्या आठवड्यात जतन विभागाने ‘नियंत्रित पाणी’ या नावाची तरतूद शोधून काढली. बादली रोज भरावी असा आदेश निघाला. पहारेकरी मनापासून ते काम करू लागला आणि कुणी विचारले तर सांगू लागला, की पाणी भरताना बोलायचे नसते. हे त्याने स्वतःच ठरवले होते. शब्द पाळला जात होता. ज्या कारणासाठी तो दिला त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध उरला नव्हता. तिला वाटले, आता तरी आपण रागावू. पण राग यायचा तो जिन्यातच कुठेतरी टेकत असावा.

*

आत्या नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आली. चांगला कोट घालून, खिशात रिबन घेऊन. बांधू का, असे तिने पहारेकऱ्याला विचारले, आणि त्याने विचारात पडून, “बांधा, पण बोलू नका,” असे सांगितले.

तिने रिबन बांधली. मग बाही वर सारून हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि तळाला लावून पाहिला.

“खरं आहे,” ती म्हणाली. “आता वाच त्यांनी काय लिहिलंय ते. चष्मा नाही आणला.”

भाचीने फलक वाचून दाखवला. प्रत्येक शब्द.

“पाच हजार वर्षं?” आत्या इतकी हसली की तिला झाडाभोवतीच्या दोरखंडाला धरावे लागले. “आमच्या आईला एवढा वेळ कुठे होता गं! तिने ते भाजी चिरता चिरता केलं.”

भाचीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखले. हात पुसायला तिने रुमाल पुढे केला, तो आत्याने घेतला नाही. ओला हात तसाच हवेत धरून ती बाहेर निघाली.

बाहेरच्या ओसरीत दुकान होते. दुकान ठेकेदाराचे असल्यामुळे जतन विभागाचे नियम उंबऱ्यापाशी संपत. प्रदर्शन गाजल्यावर ठेकेदाराने ‘जलपूजेची बादली’ विकायला काढली होती: मुठीएवढी, पत्र्याची, रिबनसह. मात्र पाणी भरलेली बादली कुणी घरी नेत नाही, हे त्याने जाणले होते. म्हणून बादलीला चहूबाजूंनी ताऱ्यांच्या आकाराची भोके पाडली होती आणि आत मेणबत्ती बसवली होती. नमुन्यादाखल एक पेटवून, काउंटरवरच्या लहानशा खऱ्या झाडाखाली ठेवलेली होती. झाड वाळले होते. ज्योतीच्या वरची सर्वांत खालची फांदी हळूहळू तपकिरी होत होती.

भाचीने हे यापूर्वी पाहिले नव्हते. दुकानाच्या बाजूने ती कधी जात नसे. आत्या थांबली. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. ती भीती नव्हती, रागही नव्हता; हलके काहीतरी उचलल्यासारखा तो चेहरा होता.

“यात पाणी कुठे भरायचं?” तिने विचारले.

“शोभेची आहे ही, आजी,” विक्रेती मुलगी म्हणाली. “पाणी राहणार नाही हिच्यात. दिवा लावायचा. बघा ना, भिंतीवर तारे कसे पडतात.”

आत्याने भिंतीवरचे तारे पाहिले. मग ओला हात बादलीत घातला आणि ज्योत दोन बोटांत धरून विझवली. चर्र असा बारीक आवाज झाला.

“अहो आजी!”

“असू दे, बाळा. झाड लांब घे जरा.”

मुलीने झाड लांब घेतले नाही. काउंटरवर जागा नव्हती. तिने काडी ओढून मेणबत्ती पुन्हा पेटवली, कारण नमुना पेटता ठेवावा असे तिला सांगितलेले होते. आत्याने तिच्याकडे पाहिले, मग आपल्या बोटांकडे पाहिले. ती सुकली होती.

“तू जा तुझ्या कामाला,” ती भाचीला म्हणाली आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली. “मी बसते इथे.”

“किती वेळ बसशील?”

“ते बंद करतील तोवर.”

भाचीने संचालकांना जाऊन सांगितले. दुकान ठेकेदाराकडे असते, आपण बोलू, सण झाल्यावर बोलू, असे ते म्हणाले, आणि ओसरीतल्या भिंतीवरचे तारे त्यांनाही फार आवडत होते. ठेकेदाराचा फोन लागला नाही. प्रथांचा उगम, प्रसार, विकृती आणि लोप यांवर तिच्याजवळ एक कपाटभर वाचन होते; त्यातले एकही पान आता उपयोगाचे नव्हते. तिने कर्मचाऱ्यांच्या खोलीत जाऊन किटली घेतली, नळाखाली तिरकी धरली, अर्धी भरली, पुन्हा मोरीच्या पेल्याने वरपर्यंत भरली, आणि ओसरीत येऊन झाडाशेजारी, काउंटरच्या कडेला ठेवली. झाकण काढून.

“हे काय, मॅडम?” मुलीने विचारले.

“पेटलं तर ओतायचं.”

“बरं,” मुलगी म्हणाली. तिला ते लगेच समजले. यात न समजण्यासारखे काही नव्हते.

आत्याने बाकावरून उठून किटली उचलून पाहिली. जड होती. मग ती घरी यायला तयार झाली.

सण उलटून संग्रहालय पुन्हा उघडले त्या सकाळी भाची ओसरीतून आत गेली. मेणबत्ती पेटलेली होती, झाड आणखी वाळले होते. किटली जागच्या जागी होती आणि तिच्या कडीला कुणीतरी लाल रिबन बांधली होती. दोन शाळकरी मुली तीत बोटे बुडवून एकमेकींच्या कपाळाला लावत होत्या.

त्या जाईपर्यंत ती थांबली. मग तिने किटली उचलून पाहिली. रिबन सोडवायला हात गेला होता, तो तिने मागे घेतला. पाणी बरेच कमी झाले होते. ती किटली घेऊन नळाकडे गेली.